नक्षीवाला हटत नाही

आमचे शेजारी इब्राहिमभाई माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी सदरा. उभे पट्टे असले की म्हणतात, "हा पळणारा." नक्षी असली की चार पावलं मागे. माझा जावई पहिल्यांदा फुलाफुलांचा सदरा घालून आला, तर यांनी त्याला लांबूनच सलाम ठोकला.

हे सगळं सापांवरून. त्यांचं म्हणणं, लांब पट्ट्यांची नानेटी पळायला लागली की बघणाऱ्याची नजर फसते, म्हणून ती पळते. फुरशाच्या अंगावर नागमोडी नक्षी. ते वाळक्या पानांच्या पातेऱ्यात मिसळून जातं, म्हणून हटत नाही. अंगाला अंग घासून खरखर करतं आणि मग डसतं. "धर्मा, तू पण फुरसंच," चारचौघांत मला म्हणतात.

मी दुसरीत शाळा सोडली, पण साप मला शिकवू नये कोणी. बाप या नारळाच्या वाडीत अनवाणी फिरला, मीही फिरतो. साप दिसला की पाय आपटायचा. जातो.

राग यायचा तो रोज सकाळी. उजाडलं की इब्राहिमभाई गमबूट चढवून माझ्या वाडीत, काठीनं झावळ्यांचे ढीग उलटेपालटे करत.

"माझ्या झावळ्यांत काय ठेवलंय तुमचं?"

"सोनं पुरलंय."

शेवटी मी दोघांच्या मधल्या दगडी गडग्यावर काटे रचले.

चार दिवसांनी झावळी उचलली, तर खालून खरखर. पायापासून हातभर अंतरावर फुरसं. मी पाय आपटला. हटलं नाही. खरखर वाढली. पुन्हा आपटायला गेलो, तर पाय उचलेना. हाकसुद्धा फुटेना.

"आपटू नको रे! हळू मागं ये, माझ्याकडं."

काट्यांपलीकडून इब्राहिमभाई. मी एक एक पाऊल मागं सरलो. जन्मात पहिल्यांदा हटलो.

काट्यांतूनच ते आत आले. लुंगी फाटली, हात रक्ताळले. वाटलं, आता टोमणा येणार. पण त्यांनी काठी आडवी धरून मला आणखी मागं सारलं.

"पोरं दुबईला. बायको गेली. चहाला तू एकच हायस. तुला डसलं तर मी फुरसं म्हणू कोणाला?"

मी म्हटलं, "चहात साखर कमी घाला जरा."

दुसऱ्या दिवशी काटे काढले. चपला मी अजून घालत नाही. पण झावळ्यांत त्यांची काठी वाजेपर्यंत ओट्यावरून उतरत नाही. कोणी विचारलं, तर सांगतो गुडघा दुखतोय.