महादजींची महागडी भाकर

महादजींच्या दुकानात आरसा घ्यायचा असेल, तर आधी घरात ज्वारी किती आहे ते सांगावं लागे. आरसाच कशाला, छत्री मागा, मखमलीचा तुकडा मागा, बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा मागा. महादजी डोळे बारीक करून विचारत, "घरी जवारी किती दिसाची हाये?"

महादजी म्हणजे माझ्या पणजीचे वडील. नांदगाव पेठेत, अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. मिठापासून सुयांपर्यंत सगळं मिळे, मालकाला द्यावंसं वाटलं तर. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण पणजीनं आजीला आणि आजीनं मला त्यांच्याबद्दल इतक्यांदा सांगितलंय, की आजही पिठाचा डबा उघडताना ते मागं उभे आहेत असं मला वाटतं.

दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारी सोडून शेतंच्या शेतं कापसानं भरली. अमरावतीला कापूस टाकून परतणाऱ्या गाड्या महादजींच्या दारात थांबू लागल्या. दुसरा दुकानदार असता तर दोन्ही हातांनी विकत सुटला असता. महादजींची मात्र झोप उडाली.

"समदेच कापूस पेरून राहिले," ते बायकोला म्हणत. "खातीन काय? वाती?"

एकदा एक तरणा शेतकरी चिडला. "मले आरसा पाह्यजे. जवारीचं कावून पुसून राहिले तुमी?"

"आरश्यात तोंड पाहशीन बापा, पन त्या तोंडात घालशीन काय?"

आठ दिवसांची ज्वारी घरात नसेल तर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत. मीठ-तेलाला तेवढी सूट होती. पेठेनं त्यांचं नाव 'आठदिशे' पाडलं, आणि ते नाव आडनावासारखं चिकटलं.

स्वतः महादजी ज्वारीवरच बसत. गादीखाली त्यांनी पेव खणून घेतलं होतं, म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा. पेवावर फळ्या, फळ्यांवर गादी, गादीवर महादजी. जेवायला उठायचं तर बायकोला आणून तिथं बसवत. चार थेंब पडले की ओल शिरली का म्हणून फळीला नाक लावून वास घेत. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे शेठ देवाला लोटांगण घालताहेत, आणि तेही बिचारं हात जोडून उभं राही.

या सगळ्या घोराचं मूळ तिवश्याकडच्या एका खेड्यात होतं. त्यांची एकुलती एक लेक सगुणा, म्हणजे माझी पणजी, तिथं दिलेली. तिचे सासरे दाजीबा हौशी गडी. त्यांनी घरामागच्या वांग्याच्या वाफ्यातसुद्धा कापूस लावला होता.

आणि महादजींना तिच्या घरात डोकावता येत नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. महादजी भेटीला जात ते आपला पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन. ओट्यावर बसत. सगुणा दारात उभी राहून म्हणे, "बरी हाये, बाबा." चूल काही दिसत नसे. मग ते त्या बाजूच्या गाडीवानांना विचारत, "दाजीबाच्या घरातून दोन्ही वखत धूर निघते ना?" गाडीवान हसत.

मग लढाई थांबली आणि कापूस कोसळला. दाजीबांच्या घरात कापूस आढ्याला टेकलेला, आणि बाजारात ज्वारी औषधाला मिळेना. महादजींनी एक पोतं पाठवलं. ते त्याच गाडीनं परत आलं, वर निरोप : "सून आनली, भीक नाही मांगली."

पुढच्या तीन दिवसांत महादजींनी काहीही न विचारता दोन आरसे विकले. बायको घाबरून गेली.

चौथ्या दिवशी ते करीमभाई गाडीवानाच्या गाडीत बसून निघाले. तांब्या न घेता. व्याह्यांच्या ओट्यावर चढले आणि म्हणाले, "सगुणे, भूक लागली. जेवाले वाढ."

दाजीबा ताडकन उठले. "पोरीच्या घरी जेवता? पाप लागते!"

"लागू द्या. भूक पयले लागली."

आतून मडक्याच्या तळाला वाटी घासल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग बऱ्याच वेळानं एक पातळशी भाकर आली, मिठाच्या खड्यासोबत. महादजींनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. लेकीच्या तोंडाकडे पाहायचा त्यांना धीर झाला नाही.

हात धुऊन ते दाजीबांपुढे हात जोडून उभे राहिले. "लय मोठं पाप झालं माह्याकडून. आता फेडल्याबिगर मले गती नाही. उद्या दोन पोते येतीन. नाही म्हनू नका."

नाही म्हणायचं तर व्याह्याला पापात लोटल्यासारखं. दाजीबांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पोती चढवताना करीमभाई म्हणाला, "सेठ, बडी महंगी भाकर खाई तुमने!"

"आता दर महिन्याले खाईन," महादजी म्हणाले.

आणि खाल्ली. नवी ज्वारी येईपर्यंत दर महिन्याला जाऊन त्यांनी पाप केलं आणि दुसऱ्या दिवशी फेडलं. पेव रिकामं होत गेलं. म्हाताऱ्यानं लाज सोडली, लेकीच्या दारी पोट भरतो, असं पेठ बोलत राहिली.

पुढं सगुणाला मुलगी झाली, ती माझी आजी. महादजी नातीला पाहायला आले आणि सवयीनं ओट्यावरच बसले. सगुणा म्हणाली, "बाबा, आता पाप नाही लागत. घरात या, जेवा."

"जवारी किती दिसाची हाये?"

तिनं हाताला धरून त्यांना आत नेलं, कणगीपाशी उभं केलं आणि झाकण काढलं. महादजींनी ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. तळ लागला नाही.

पणजी सांगायची, बाबांनी हात बाहेर काढायला फार वेळ लावला.