वाफ आणि मीठ

"बाबा, मी पदार्थविज्ञानाचा वरचा वर्ग घेऊ?" दमयंतीने विचारलं, आणि काशिरामचा तोंडापाशी गेलेला घास तिथेच थांबला.

दमयंतीचा जीव मुठीत. पनवेलच्या त्या शाळेत नववीच्या मुलींनी गृहविज्ञानच घ्यायचं, असा कुणी न केलेला कायदा होता. चुंबक, भिंगं, वाफ असलं शिकवणारा आठवले सरांचा वर्ग म्हणजे मुलग्यांचं राज्य. पण ह्या पोरीला वाफेचं वेड लागलेलं. "वडील हो म्हणाले तर ये," असं सर म्हणाले होते. आणि वडील म्हणजे मिठागरवाला काशिराम म्हात्रे. पोर नववीत गेली हेच त्याला अजून नीट पचलं नव्हतं.

"पदार्थ?" काशिरामचा चेहरा खुलला. "मंजे घावणे, करंज्या? मग इचारतेस काय गो? घे की! मना वाटलं, शाळेत नुसती बुकंच वाचतात."

आई, गुणाबाई, चुलीपाशी गालात हसली. खोटं दमयंती एक अक्षर बोलली नाही. खरंही बोलली नाही, एवढंच.

झालं! काशिराम जिथे जाईल तिथे सांगत सुटला, "आमची पोर शाळेत पदार्थ शिकते!" ही बातमी ओवे गावात त्याच्या मेव्हण्याच्या, भगवानच्या, कानावर गेली. भगवानच्या शकूचं लग्न ठरलेलं. तो म्हणाला, "मग शकूच्या हळदीला मटान आमच्या भाचीच्याच हातचं!"

"मामा, मना नाय जमायचं," दमयंती रडकुंडीला आली.

"नाय कसं?" काशिराम गरजला. "मग शाळेत शिकतेस काय?"

आता काय सांगणार? खरं सांगावं तर वर्ग जातो, मटण करावं तर अब्रू जाते. दमयंतीने अब्रू पणाला लावली.

हळदीच्या दिवशी मंडपात पाहुणे जमले, वाजंत्री सुरू झाली आणि टोपातलं मटण काही केल्या शिजेना. मामी, रंभा, सारखी येऊन विचारायची, "झालं काय गो?" तेवढ्यात दमयंतीला वाफ आठवली. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की शिजतं लवकर! तिने झाकणाची कड पिठाने लिंपली आणि वर चक्क पाटा ठेवला.

"गो बाय, ह्ये काय?"

"दाब, मामी."

"कसला दाब?"

उत्तर टोपानेच दिलं. धडाम! पाटा एकीकडे, झाकण मंडपाच्या छताला आणि रस्सा नवऱ्यामुलाच्या काकाच्या कोऱ्या टोपीवर. वाजंत्रीवाल्याची पिपाणी अर्ध्या सुरात अडकली. नशीब, कुणाला भाजलं नाही. रंभा मामीने भीतभीत एक तुकडा दाबून पाहिला. "शिजलंय मात्र लोण्यासारखं," ती म्हणाली.

पंगत बसली. पहिला घास घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दाबाच्या नादात दमयंती मीठच विसरली होती.

"काशिरामशेट," टोपी पुसत काका म्हणाले, "तुमच्या आगरात औंदा मीठ पिकलं नाय काय?"

मंडप हसून लोळला. काशिरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पोरीला घेऊन थेट आठवले सरांसमोर उभा राहिला. "मास्तर, हिचा वर्ग बदला."

"बदलू," सर हिरमुसून म्हणाले. "मग गृहविज्ञान. बाकीच्या मुली तेच घेतात."

दमयंती टेबलावरच्या चुंबकाकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. काशिरामने ते पाहिलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"कनचं म्हनालात? ग्रह? शनी, मंगळ?"

"अहो, ग्रह नाही, गृह..."

"आमच्या पोरीला पंचांग घेऊन बसवता काय? नाय जमायचं! र्‍हाऊ द्या तिला पदार्थातच!"

सर समजावून सांगणार, इतक्यात दमयंतीला असा काही खोकला लागला की त्यांनी मुकाट्याने तोंड मिटलं.

घरी जाताना मात्र तिला राहवेना. "बाबा, ते ग्रह नव्हतं. गृह. गृह मंजे घर."

"ठाव हाय."

"मग तसं का बोललात?"

"तर काय सांगू लोकांना? पोरीला सैपाक जमला नाय म्हनून मास्तरापुढं हात जोडले?"

दमयंती हळूच म्हणाली, "आनि पदार्थविज्ञानात... पदार्थ नसतात, बाबा."

"त्ये पन ठाव हाय."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"सांगायला कशाला पायजे?" काशिराम म्हणाला. "तुज्या हातचं मटान खाल्लंय मी."