बेल्मिरोचा मोती

"पप्पा, जेवताना वाद नकोय हं," ग्रासिएतने दारातच दम भरला. "तेल्मोच्या आईला आमचं लग्न त्यांच्या गावी, पोर्तोलाच हवंय. तुम्ही नुसतं ऐकून घ्या."

"ऐकतो की! ऐकून घेतो, आणि मग सांगतो की लग्न लिस्बनमध्येच, आपल्या गल्लीतल्या चर्चमध्ये," असं म्हणून बेल्मिरो पाव आणायला बाहेर पडला. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस; समोर कुणी आलं की घंटा वाजवायची, वळायचं नाही, हा त्याचा स्वभावच झाला होता.

तरी होणाऱ्या विहीणबाईंना आज प्रथमच भेटायचं होतं. चौकातल्या चिमुकल्या दुकानापाशी त्याचे पाय आपोआप थबकले. जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरीची गोड दारू, इथं उभ्या उभ्या प्यायची असते.

"चेरीसकट की नुसती?" दुकानदाराने विचारलं.

"चेरीसकट. आज धीर हवाय."

बेल्मिरोने घोट घेतला, चेरी चघळली आणि सगळे करतात तशी बी फुटपाथवर थुंकली. बी गेली, आणि तिच्यामागोमाग पुढचा खोटा दातही गेला.

खाली पाहतो तर शेकडो बिया आणि चिकट चिखल. तो तोंडावर हात धरून ओणवा झाला.

"काय हरवलं, काका?" एकाने विचारलं.

चारचौघांत दात कसं म्हणणार? "मोती," तो हाताआडून पुटपुटला.

झालं! "मोती पडलाय, मोती!" अशी हाकाटी उठली. पेले कठड्यावर ठेवून माणसं रांगू लागली. कुणी तो मोती आजीचा ठरवला, कुणी राणीचा. दुकानदाराने तर झाडूच आणला.

"झाडू नको!" बेल्मिरो ओरडला.

तेवढ्यात उंची कोट घातलेल्या एक बाई पुढे झाल्या. "हे धरा," म्हणत आपला पेला त्याच्या हाती देऊन त्या खुशाल गुडघ्यांवर बसल्या. बिया चिवडता चिवडता त्यांनी काहीतरी उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"अहो, तुमच्या मोत्याला तार आहे."

सगळे खो खो हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो दात आपल्याच पेल्यात खळबळून त्याच्या हातावर ठेवला. "बसवा पटकन. आणि मी इथं दिसले हे विसरून जा. माझ्या मुलाला वाटतं, मी लिंबूपाण्यापलीकडे काही घेत नाही."

"बाई, तुम्ही मोती विसरा, मी तुम्हाला विसरतो," बेल्मिरो म्हणाला.

पाव घेऊन तो घरी पोचला, तासाभराने बेल वाजली. "काका, ही माझी आई, दोना ऑतिलिया," तेल्मो म्हणाला. दारात तोच उंची कोट!

दोघांनी रीतीप्रमाणे गालाला गाल लावले आणि दोघांनाही चेरीचा वास आला.

"आई थेंबालाही शिवत नाही," तेल्मो ग्रासिएतला सांगत होता. "बाटली आतच ठेव."

"पप्पा, तुमचा दात लाल कसा?" ग्रासिएत ओरडली.

"बीट!" दोना ऑतिलिया चटकन म्हणाल्या. "बीट खाल्लं की असंच होतं."

"हो, बीट," बेल्मिरोने मान डोलावली.

जेवणात तो विषय निघालाच.

"लग्न पोर्तोलाच करू या," बेल्मिरो घाईघाईने म्हणाला. "दोना ऑतिलिया म्हणतील तसं."

"छे, छे! लिस्बनलाच! बेल्मिरोसाहेबांचा शब्द मोडायचा नाही."

"माझा आग्रह आहे, पोर्तो!"

"माझी शपथ आहे, लिस्बन!"

कॉफी गार झाली तरी कुणी हटेना. एकमेकांना दुखवायची दोघांची तयारीच नव्हती. शेवटी दोन्ही गावांच्या मधलं कोइंब्रा ठरलं. तिथं दोन्ही घरांच्या ओळखीचं कुत्रंदेखील नव्हतं.

"पप्पा एवढे समजूतदार कधी झाले?" ग्रासिएतने भांडी विसळताना विचारलं.

"आणि माझी आई?" तेल्मो म्हणाला. "मला तर दोघांची तब्येत बरी दिसत नाही."