चाकापलीकडचा

साडू नसता तर मी जन्मभर सुखाने जमिनीवरच राहिलो असतो. गेल्या सुट्टीत त्याने शिडाची बोट भाड्याने घेतली, स्वतः चालवत बायकोला बेटावर नेलं, आणि तेव्हापासून तो आमच्या सोफ्यावरसुद्धा कप्तानासारखा बसतो. मग मीही घरात जाहीर केलं, "आपणही जाऊ. कॉलेजात असताना मी अशा बोटी खूप चालवल्यात." (मी पाणीपट्टी खात्यात कारकून आहे. पाण्याशी माझा संबंध तेवढाच.)

बायको माझ्याकडे बघत राहिली. "खूप?"

"खूप!"

"बरं," म्हणाली आणि ताईला, म्हणजे साडूच्या बायकोला, फोन करायला आत गेली.

बोटवाल्याने कप्तान हवा का विचारलं. मी नुसता हसलो. "मग एकच सांगतो," तो म्हणाला, "खालची पुढची खोली उघडू नका. ती बंदच असते." का, ते त्याने सांगितलं नाही.

धक्क्यावरच्या माणसांनी शीड चढवून दिलं आणि आम्ही निघालो. भर दुपार होती. किनारा दिसेनासा झाला तसे पक्षीही मागे राहिले. वारा होता, पण त्याला आवाज नव्हता. मी ऐटीत चाक डावीकडे वळवलं. ते सावकाश, कोणी मनगट धरून वळवावं तसं, उजवीकडे आलं. मी पुन्हा ओढलं. ते पुन्हा परत आलं.

अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्यात खालून कोणीतरी खोकलं.

"ऐकलंस?"

"लाकूड करकरत असेल, अहो," बायको पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

"लाकडाला कफ होतो?"

ती उठली, ताट वाढून खाली घेऊन गेली आणि लगेच रिकामं ताट घेऊन आली. समुद्राच्या हवेने भूक लागते म्हणे. मी चाकाला दोरी बांधून चार घास खायला खाली गेलो. वर येऊन बघतो तो डेकवर अनवाणी, ओली पावलं! आम्ही दोघंही बूट घातलेले. मी शिडाच्या दोरीला मारलेली गाठ (बुटाच्या नाडीची, दुसरी मला येत नाही) सुटली होती आणि तिथे भलतीच घट्ट, सुबक गाठ होती. चाकाची दोरीही कोणीतरी सोडून नीट गुंडाळून ठेवली होती.

बेट जवळ आलं. त्याच्यासमोर काळे खडक दात विचकून उभे, मध्ये बोटीपुरती फट. मी जिवाच्या आकांताने चाक डावीकडे ओढलं. पलीकडच्याने उजवीकडे खेचलं. खडक हाताला लागेल इतका जवळ आला. बायकोने पहिल्यांदाच पुस्तक मिटलं आणि माझी बाही घट्ट धरली. माझ्या फुशारकीपायी हिचं काही बरंवाईट झालं तर? मला रडूच फुटलं.

"बाबा रे, जो कोणी असशील तो!" मी ओरडलो. "मी खोटारडा आहे! मी आयुष्यात होडीत पाय ठेवलेला नाही! माझं काहीही कर, पण हिला सुखरूप पोचव!"

"अहो साहेब, मग चाक सोडा की!" बंद खोलीतून आवाज आला.

मी सोडलं. बोट अलगद फटीतून आत शिरली. वाळूजवळ थांबल्यावर खोलीचं दार उघडलं आणि एक अनवाणी, घामाघूम कप्तान खांदा चोळत बाहेर आला. आत दुसरं चाक होतं, समोर काचेची खिडकी आणि वर थेट डेकवर निघणारी झडप.

"ताईनेच पत्ता दिला यांचा," बायको डोळे पुसत म्हणाली. "भाऊजींच्या वेळीही हेच होते. त्यांना अजून माहीत नाही हं."

माझ्या काळजात एकदम गारवा पसरला. म्हणजे आम्ही दोघे साडू सारखेच! मी उत्साहाने कप्तानाला विचारलं, "मग त्यालाही भूतच वाटलं असेल ना?"

"वाटलं तर!" कप्तान कण्हत म्हणाला. "पण साहेब, त्यांनी निदान भुताला बोट चालवू तरी दिली."