हरलात, पण बाद नाही

आवक-जावक विभागातल्या बाईंनी ऑफिसच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत नाव दिलं ते एकाच हिशोबानं: पहिल्याच सामन्यात हरायचं आणि वेळेत निघायचं. पाळणाघर सहाला बंद व्हायचं. सहानंतर तिथल्या मावशी उरलेल्या पोराला बूट घालून, पिशवी गळ्यात अडकवून दारात बसवत. बाईंचा मुलगा दीड वर्षाचा, त्यातून सकाळी त्याचं अंग कोमट लागलं होतं.

साहेब परदेशात कुठलंसं जागतिक अजिंक्यपद बघून आले होते. तेव्हापासून ‘तिकडे कसं असतं’ हे त्यांचं पालुपद. तिकडे पंच असतो, म्हणून शिपायाला पंच केलं. तिकडे खेळाडूंचे मोबाईल काढून घेतात, म्हणून ते पंचाच्या डब्यात गेले. तिकडे तज्ज्ञ बसतात, म्हणून निवृत्तीला टेकलेले दोन हेडक्लार्क टाय बांधून कॅमेऱ्यासमोर बसवले. दोघांनी जन्मात पत्त्यांपलीकडे काही खेळलं नव्हतं. हे सगळं इंटरनेटवरून थेट दाखवलं जात होतं.

आठ विभागांचे आठ खेळाडू. समोरच्याला टिपायचं आणि आपण जगायचं, एवढाच संगणकावरचा खेळ. बाई चाळीस सेकंदांत मेल्या आणि त्यांनी पर्स उचलली.

“कुठं निघालात?” पंचानं विचारलं.

“हरले की मी.”

“हरलात, पण बाद नाही. तिकडे दोनदा हरावं लागतं. तुम्ही आता खालच्या गटात.”

“मग हरवा पटकन दुसऱ्यांदा.”

पण हरवणार कोण? पहिल्या फेरीत हरलेले बाकीचे तिघं डब्यातले आपापले मोबाईल उचलून, कुणालाही न विचारता केव्हाच पसार झाले होते. पंचाच्या तावडीत सापडलेल्या बाई एकट्याच. त्यांना पुढे चाल मिळाली.

मग वरच्या गटात एकदा हरलेले एकेक जण बाईंसमोर आले. खरेदीवाल्याच्या खिशात दुसरा मोबाईल वाजला; तो बाद. कायदेवाला नियमावलीतल्या एका पोटकलमावरून पंचाशी भांडत राहिला, तोवर त्याची वेळ संपली, तोही बाद. विक्रीवाल्याच्या वेळी बाई एका खोक्यामागे मरणाची वाट बघत बसून राहिल्या. त्यांना शोधता शोधता तो पुलावरून पाण्यात पडला.

“काय संयम आहे,” एक तज्ज्ञ म्हणाला.

“जुनं खोड,” दुसऱ्यानं मान डोलावली.

साडेपाच झाले होते. बाईंनी पंचाच्या हातापाया पडून दोन मिनिटांसाठी मोबाईल मिळवला आणि नवऱ्याला फोन लावला.

“अगं, मीटिंगमध्ये आहे,” तो कुजबुजला. “मान वर करायला फुरसत नाही. तूच बघ ना काहीतरी.”

अंतिम सामना संगणक विभागाच्या पठ्ठ्याशी. बाई डोळे मिटून सरळ मैदानात धावत सुटल्या. इतकं उघड कुणी येतं का? यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, असं वाटून तो मागे सरकला आणि आपणच पेरलेल्या सुरुंगावर उभा राहिला.

“जिंकलात,” साहेब म्हणाले. “म्हणजे आता पुन्हा खेळायचं. तो वरच्या गटातून आलाय ना, त्यालाही दोनदा हरवावं लागतं. तिकडे असंच असतं.”

“तिकडे कुणाला पोरंबाळं नसतात का हो?”

“आधी मुलाखत,” साहेबांनी माइक पुढे केला.

समोरच्या पडद्यावर प्रेक्षकांचा आकडा होता: बारा. त्याखाली अभिप्राय सरकत होते. शेवटच्या अभिप्रायाशेजारी ओळखीचा फोटो होता, लग्नातला, त्यातून बाईंना कापून काढलेला. ‘शाब्बास राणी. पहिल्या सामन्यापासून बघतोय.’

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

“या यशाचं श्रेय कुणाला द्याल?” साहेबांनी विचारलं.

“आमच्या ह्यांना,” बाई थेट कॅमेऱ्यात बघत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या. “पाळणाघर त्यांच्या ऑफिसपासून चार मिनिटांवर आहे. आता पावणेसहा झालेत. आणि उजवा बूट आधी घालायचा, नाहीतर तो रडतो.”

पडद्यावर बाराचे अकरा झाले.