खिडकीजवळचं टेबल

उपनगरातल्या साध्या हॉटेलाचा अस्सलपणा मालकिणीच्या तुसडेपणावर ठरतो, आणि या बाबतीत आमची मा, म्हणजे माझी आई, मेलबर्नच्या पश्चिम भागात बरीच वर्षं अव्वल होती.

शेवटचा साधा दिवस रविवार होता. दुपारी एका गृहस्थांनी फोचा, म्हणजे आमच्या नूडल-सूपचा, रस्सा चाखायच्या आधीच त्यात लाल सॉसची बाटली उपडी केली. मा काउंटरमागून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. गृहस्थांनी त्या बघण्याचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला पाच तारे मिळाले. ('मालकीण तुमचा मनापासून तिरस्कार करते. अवश्य जा.')

अस्सल व्हिएतनामी हॉटेलासाठी जाणकार गिऱ्हाइकांनी काही निकष घालून दिले आहेत. स्टूल डगमगतं असावं. मेनूवरचे फोटो उन्हाने निळे पडलेले असावेत. संडासाची वाट तांदळाच्या पोत्यांमधून जावी. मी एकदा भिंतींना रंग द्यायचं बोलले, तर तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मला बाजूला घेऊन अत्यंत कळवळ्याने तसं न करण्याची विनंती केली. (तिघांच्याही घरी नुकतंच रंगकाम झालं होतं.) सगळ्यात महत्त्वाचा निकष म्हणजे खिडकीत निदान एक व्हिएतनामी माणूस जेवताना दिसला पाहिजे.

ही जबाबदारी शेजारचे निवृत्त शिंपी, साऊकाका, पार पाडत. मा त्यांना रोजचं जेवण फुकट द्यायची. अट एकच, तोंड रस्त्याकडे.

"जरा चवीने खा की, साऊभाऊ," मा म्हणायची. "औषध घेतल्यासारखं काय गिळताय? बाहेर लोक बघतायत."

"रोज तेच बीफ. एखाद दिवस कोंबडी घाल."

"बाहेरच्यांना बीफ बघायचं असतं. कोंबडी आपल्या घरी खायची."

आमच्यात घास उचलण्याआधी लहानांनी मोठ्यांना, वयाच्या क्रमाने, एकेकाला 'जेवा' म्हणायचं असतं. त्याशिवाय जेवायच्या काड्या उचलल्या तर आईबापांची लाज जाते. साऊकाकांना मी ते रोज म्हणायचे. दुकानात मा-ला तसं म्हणायची वेळच आली नाही, कारण 'जेवा' पानावर बसलेल्या माणसालाच म्हणतात, आणि मा कधी बसली नाही. ती मागे, भांडी घासायच्या जागेशी उभी राहून, पातेल्याच्या तळाशी उरलेलं खायची. घरी येईपर्यंत तिची भूक मेलेली असायची.

त्या रविवारी साऊकाका लवकर उठून गेले. टेबल रिकामं झालं.

"मा, बस ना तिथे. मी वाढते."

"मालकीण जेवताना दिसली की लोकांना वाटतं, धंदा बसलाय."

"वाटू दे की."

"पुढच्या रविवारी बसेन. तू आधी ते कोपऱ्यातलं टेबल पूस. आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसू नकोस, सवय लागते त्यांना."

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. त्या सोमवारी पहाटे ती झोपेतच गेली. (धंद्याचा दिवस तिने वाया जाऊ दिला नाही.)

आता काउंटरवर मी असते. मी हसते, त्यामुळे आमचे तारे घसरत चालले आहेत. 'सेवा तत्पर आणि सौजन्यपूर्ण. पूर्वीची मजा नाही.' सुदैवाने मी मागच्या भिंतीशी तिचा फोटो मांडला, पुढे उदबत्ती आणि संत्री ठेवली. तेव्हा एकाने 'सजावटीत आत्मा आहे' असं लिहून आम्हाला पुन्हा थोडं वर काढलं. एका बाईंनी तर त्यातलं एक संत्रं सोलून खाल्लं. (गोड निघालं, असं त्यांनी आवर्जून सांगितलं.) फोटोतली मा त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी त्याचाही फोटो काढला.

दुकानाचं नाव मी इथे दिलेलं नाही. तुम्ही ते एव्हाना शोधायला लागला असाल. हरकत नाही, या. रांग डावीकडून लागते.

काल रविवार होता. साऊकाका आपणहून आतल्या टेबलावर जाऊन बसले. मी खिडकीजवळचं टेबल पुसलं, त्यावर वाडगा ठेवला, कोंबडीचा, आणि काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. तेवढ्यात एक जोडपं आत आलं. सभ्य, चार पुस्तकं वाचलेलं, तुमच्यासारखंच.

"हे टेबल रिकामं आहे ना?"

"नाही."

"पण इथे तर कोणीच नाही." गृहस्थांनी वाडग्यावर वाकून पाहिलं. "आणि हे गरम आहे अजून." त्यांच्या पत्नीने फोन काढलाच होता.

"कोणी सांगितलं, कोणी नाही म्हणून?" साऊकाका आतून आमच्या भाषेत म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "अगं, म्हण ना. निवतंय ते."

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. फोनसुद्धा.

"मा," मी म्हटलं, "जेव."