डोलूच्या गळ्यातली घंटा

एका जंगलात एक तळं होतं, आणि त्या तळ्याकडे सारखी संशयाने बघणारी एक हत्तीण होती. बाळांनो, तळ्याने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. पण तिच्या लेकाची, डोलूची, दोन्ही मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं. पाय सुजायचे, मग धाप लागायची.

म्हणून ती त्याला दिवसाआड पाणमांजर डॉक्टरांकडे डायलिसिसला न्यायची. तिथलं मशीन रक्त धुवायचं आणि जास्तीचं पाणी काढून टाकायचं. किती काढायचं, ते वजनकाट्यावर ठरायचं. अंगात जास्तीचं पाणी नसताना डोलूचं जे वजन भरायचं, त्याला डॉक्टर ड्राय वेट म्हणत. काटा त्याच्या वर जेवढा गेला, तेवढं पाणी काढायचं.

हत्तीण जंगलच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ड्राय वेटचा आकडा तिने पाढ्यासारखा पाठ केला. सातवी शिकलेल्या आईचा हाच धोका असतो, बाळांनो. एकदा पाठ केलं की ती ते कुणाला बदलू देत नाही.

डोलूला पाणी मिळायचं ते करवंटीने मोजून. उसाचं कांडंही तिने पाण्याच्याच हिशेबात धरलं. कलिंगड बंद केलं. गवतावरचं दव वाळेपर्यंत ती त्याला चरायलासुद्धा सोडेना.

तरी काटा हळूहळू वर सरकत राहिला.

"चोरून पितोस?" तिने विचारलं.

"नाही गं आई."

"सोंड दाखव."

डोलूने सोंड दाखवली. तिने ती सगळीकडून हुंगली. कोरडी ठणठणीत होती.

"पुसून आलास तर," हत्तीण म्हणाली.

शेवटी तिने त्याच्या गळ्यात एक भली मोठी पितळी घंटा बांधली. पोरगा तळ्याकडे वळला की ऐकू यावं म्हणून. चिखलात पडलेल्या रानम्हशीने मान वर केली.

"अगं, लेकरू आहे की देऊळ?"

"तुम्हाला बोलायला काय जातंय, काकू. तुम्ही पाण्यातच पडलेल्या."

पुढच्या खेपेला काटा एकदमच चढला.

"बघितलंत?" हत्तीण टिटवी सिस्टरला म्हणाली. "घंटा बांधली, त्या रागाने जास्त प्यायला."

सिस्टरने डोलूचा पाय चोचीने दाबून पाहिला. "खळगा पडत नाहीये, डोलूची आई. सूज असती तर पडला असता."

"मग पाणी खोल गेलं असेल. तुम्ही काढा."

काटाही तेच सांगत होता, म्हणून सिस्टरने काढलं. मशीनवर असतानाच डोलूच्या पायांत गोळे आले. डोळ्यांपुढे अंधारी आली. मशीन मध्येच थांबवावं लागलं. जरा बरं वाटल्यावर तो हळूच म्हणाला, "आई, मी खरंच नाही प्यायलो."

"मग काय काटा खोटं बोलतो?"

 काट्याशी भांडून जिंकलेलं पोर अजून जन्माला यायचंय.

नंतरच्या खेपेला डॉक्टरांनी एक नवं यंत्र आणलं. डोलूला आडवं केलं, एक पट्टी पुढच्या पायाला चिकटवली आणि एक मागच्या पायाला. "अंगात पाणी किती आणि हाडामांसाचं वजन किती, ते हे वेगवेगळं सांगतं," डॉक्टर म्हणाले. हत्तिणीला बरं वाटलं. आता चोरी पकडली जाणार. चोराला काय काय बोलायचं, तेही तिने मनात जुळवून ठेवलं.

डॉक्टरांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग डोलूकडे, मग तिच्याकडे.

"पाणी जास्त नाही. उलट आपण नको इतकं काढत होतो. गोळे त्यानेच आले."

"मग वजन कशाचं?"

"पोर वाढलंय, बाई."

"वाढलंय म्हणजे?"

"लहान पोरं वाढतात ना, तसं. हाडं, मांस. ड्राय वेट मी मध्येच पुन्हा बघायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं."

हत्तिणीने मान वळवली. डोलूचं डोकं पूर्वी तिच्या पोटाखाली मावायचं. आता तो उभा राहिला की ते तिच्या कानाच्या टोकाला लागायचं. हे कधी झालं, तिला कळलंच नाही. ती रोज काट्याकडे बघत होती. डोलू काट्याच्या वर उभा होता.

"पण मध्ये एकदम कसं चढलं?" सिस्टर म्हणाली.

डोलू उठून बसला आणि घंटा टणकन वाजली.

सगळे घंटेकडे बघायला लागले.

"वजन करताना ही काढत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

हत्तीण सोंडेने कान खाजवायला लागली.

"म्हणजे घंटेएवढं पाणी आपण पोराच्या अंगातून काढलं," डॉक्टर म्हणाले, आणि आपल्या मिशा पुसत बसले.

घंटेची दोरी डोलूच्या जुन्या मापाची, ती गळ्याला घट्ट होत होती. गळाही सुजला म्हणून हत्तीण कालच घाबरली होती. आता तिने दोरी सोडवली आणि तिथला वळ चोळला.

नवा आकडा ठरला. पाण्याला मापच राहिलं, पण अर्धी करवंटी जास्त मिळाली. तळ्याकाठी बसून डोलू ती पुरवून पुरवून प्यायला. शेवटचा घोट त्याने तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

"आई, आता मी तळ्याकडे गेलो तर तुला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"मग तू काय करशील?"

"येईन मागे मागे," हत्तीण म्हणाली, आणि सवयीने त्याचा पाय दाबून पाहिला. खळगा पडला नाही.

तात्पर्य : मुलांनी आईला न विचारता वाढू नये. वाढायचंच असेल, तर आधी घंटा वाजवावी.